किनाऱ्यावर कुणीतरी ठेव

धाकटी डहाणू, जून २०१९

प्रिय निलम बाय,

सगळ्यात आधी आली ती माझी नणंद बायजी. टमटममधून उतरतानाच रडत होती, डोक्यावर सुक्या जवळ्याचं गाठोडं. रडणं खरं असेल, पण जवळा ओलसर निघाला. तिच्या मागून झाईहून भिकाभाऊजी आले. त्यांना बघून तुझ्या बापाने, दिपकने, मान खाली घातली, तेव्हाच मी ओळखलं, हे तिघे ठरवून बसलेत. चहा ठेवला आणि म्हटलं, बोलू देत. माझ्या हातात फोनवरचा तुझा खेळ होता.

काय गं खेळ केलायस! मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, अक्षर वाकडं आहे तेही समजून घे, पण पुण्याच्या कॉलेजात माझी नात असलं काही करते हे मी बाजारात सगळ्यांना सांगितलं. पापलेट राहिलं बाजूला, गिऱ्हाइकाला आधी तुझा नाखवा दाखवते. एवढासा माणूस, नुसत्या चौकोनांचा, रांगोळीचे ठिपके जोडायचे राहिल्यासारखा. बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्यांवरून उड्या मारत किनाऱ्याकडे निघालेला. खेकडा ढुंगणाला चावला की दुप्पट उंच उडतो. पक्षी टोपी पळवतो, मग हा टकला बिचारा डोकं झाकत पळतो. आणि पाण्यात पडला की डुबुक, तोंडात बोंबील धरून परत पहिल्या बांबूवर हजर. मी इतकी हसले की नवशी शेजारून बघायला आली.

ते मांजर मात्र तू वैर काढायलाच ठेवलंयस. बटण लवकर दाबलं तर हा आधीच पाण्यात, उशिरा दाबलं तर मांजर पंजा मारतं. एकदा चिडून फोन तांदळाच्या डब्यात टाकला. मग काढला, पदराने पुसला, परत बसले. तेवढ्यात डाळ करपली. तुझ्या बापाने नुसता भात खाल्ला.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. बटण दाबायचं थांबलं की तो उभ्या जागी कान खाजवतो आणि मान वळवून बघतो. माझ्याकडेच बघतो. तू म्हणालीस, हा कुणी नाही, असाच एक नाखवा आहे. पण बाय, तुझा आजा होडीवर चढायच्या आधी अस्साच कान खाजवायचा आणि मागे वळून बघायचा. तू तेव्हा सात वर्षांची. तुझ्या डोक्याला आठवत नसेल, हाताला आठवलं असेल. आता संध्याकाळी फोन बंद असला तरी मला डुबुक ऐकू येतं. पाण्याकडे बघते, तर काही नसतं.

तुझ्या आज्याची होडी सातपाटीला लागली. जाळं आत, जेवणाचा डबा आत, माणूस नाही. लोक म्हणाले बुडाला. मी म्हटलं, आला नाही एवढंच मला ठाऊक आहे. कुंकू ठेवलं. बायका तोंड फिरवतात, फिरवू देत.

आता बारा वर्षं झाली. भाऊजी म्हणत होते की त्याच्या नावाने पळसाच्या पानांचा माणूस करायचा, नारळाचं डोकं लावायचं आणि त्याला अग्नी द्यायचा. ते झाल्याशिवाय दिपकच्या नव्या होडीला नारळ फोडता येणार नाही. सगळे हळू आवाजात बोलत होते, घरात कुणी आजारी असल्यासारखे. मी वर बघितलं नाही. शेवटी भाऊजी म्हणाले, "वहिनी, आता तरी त्याला जाऊ दे."

आणि तेवढ्यात तो मांजरावरून गेला. पहिल्यांदाच. पुढे एकच दोरी आणि मग किनारा. माझं बोट तिथेच थांबलं. तो उभा राहिला, कान खाजवला, वळून बघितलं.

मी म्हटलं, "बरं. करा."

तेव्हापासून फोन चार्जरला आहे. दिपकला सांगितलंय, हात लावलास तर जेवण मिळणार नाही. एक उडी राहिलीय, ती मीच मारीन. पण किनाऱ्यावर तू काय ठेवलंयस? झेंडा असेल, चांदण्या पडत असतील. असू देत. त्यांच्या बाजूला कुणीतरी उभं कर, बाय. एक म्हातारी, कमरेवर हात, रागावलेली असली तरी चालेल. इतक्यांदा पाण्यात पडून आलेल्या माणसाला रिकामा किनारा दाखवू नकोस. आणि तिच्या कपाळावर तांबडं कुंकू दे. एकच चौकोन पुरे. माझं पुसतील, तिचं कुणी पुसणार नाही. दिपक म्हणतो, तू नवा खेळ पाठवलास की हा परत पहिल्या बांबूवर जाणार. जाऊ दे. आणीन मी परत, हात बसलाय आता. फक्त लवकर पाठव. मी त्यांना म्हटलं, ही एवढी वटपौर्णिमा होऊ द्या, वडाला एकदा दोरा गुंडाळून येते. भाऊजींनी मान हलवली. पौर्णिमा रविवारी आहे. सोमवारी सकाळी येतो म्हणालेत.

तुझीच,
आजी