डेकरबाईंनी विचारलं

१७ मार्च २०२५, सोमवार
नोकरी गेली. म्हणजे कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीला संपतंय आणि पुढचं देणार नाहीत. टीमलीडर माझ्यासाठी कॉफी घेऊन आला तेव्हाच समजलं — एरवी कधी आणत नाही. मालवाहतुकीच्या त्या गोदामात इतकी वर्षं ट्रकांची वेळापत्रकं लावली. डच शिकले तीही तिथेच, ड्रायव्हरांच्या तोंडून, शिव्यांसकट.
रुचिर म्हणाला, "बरं झालं, जरा आराम कर." त्याच्या पगारात घर चालतं. तो प्रश्नच नाही. सकाळी उठून जायचं कुठे, हा आहे.

२० मार्च
जयप्रकाश जेवायला आला होता, रुचिरच्या ऑफिसातला. मी बेकारी भत्त्याचा विषय काढला. लगेच जयप्रकाश म्हणाला, "वहिनी, सरकारपुढे हात पसरला की इथे कायमचं राहायच्या परवान्याचं काम अडतं म्हणे."
रुचिर — "कशाला उगाच?"
आमचा अर्ज नुकताच गेलाय. 

२५ मार्च, मंगळवार
शेवटी यूडब्ल्यूव्हीला फोन केला — बेकारी विमा बघणारी कचेरी. डचमध्ये! सरळ विचारलं, ही मदत घेतली तर परवाना अडेल का?
पलीकडची बाई म्हणाली, "मॅडम, ही मदत नाही, विमा आहे. तुम्ही काम केलंत, म्हणून तो तुमचा आहे."
फोन ठेवून तशीच बसून राहिले. तुमचा आहे.
दुपारी अर्ज भरला. नाव, कामाचे तास, शेवटचा दिवस, बँक. नवऱ्याचं नाव कुठेच विचारलं नाही. मागे जाऊन पुन्हा पाहिलं, माझ्याकडून सुटलं की काय.

९ एप्रिल
भत्ता मंजूर.

२४ एप्रिल, गुरुवार
आज यूडब्ल्यूव्हीत नोकरी-सल्लागारांची भेट. डेकरबाई. पांढरे केस, गळ्यात चष्मा. मी सीव्ही आणि केलेले अर्ज घेऊन गेले होते, सगळे गोदामांचेच. त्यांनी वाचले, बाजूला ठेवले. "आणि तुम्हाला काय करायला आवडेल?"
मला कळलं नाही असं वाटून त्यांनी सावकाश परत विचारलं. कळलं होतं. पण बीकॉम बाबांनी ठरवलं, लग्न मामांनी जमवलं, ॲमस्टरडॅम रुचिरच्या कंपनीनं. गोदामाची नोकरी मिळाली म्हणून घेतली. आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि विचारलं कुणी, तर सरकारी कचेरीतल्या अनोळखी बाईनं.
तोंडून निघालं, "ट्राम चालवायला."
आता हसणार, वाटलं. हसल्या नाहीत. "गाडीचं लायसन्स आहे?" आहे. "पहाटे उठायची तयारी?" गोदामात तेच तर करत होते. "मग बघू या," म्हणाल्या, आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. ट्रामवाल्यांना माणसं हवीच होती.
डीमनमध्ये, आमच्या उपनगरात, खिडकीखालून ट्राम जाते. इतकी वर्षं बघतेय. आज ट्रामनं येताना सीटवर बसलेच नाही. ड्रायव्हरबाईच्या मागे उभी राहून तिचे हात बघत राहिले.

१४ मे
मुलाखत, डोळे, भाषा — सगळं पार! जूनपासून प्रशिक्षण, पगारी. नोकरी लागल्याचं कळवून तेव्हापासून भत्ता बंद करायला सांगितला. परवानाही कालच आला, काहीही न अडता.
 रुचिर म्हणाला, "पुण्यात घरच्यांना काय सांगायचं?"
"ट्राम चालवते म्हणून सांग."

५ जून
आज पहिल्यांदा चालवली. रिकामी, डेपोच्या आतल्या रुळांवर, शेजारी शिक्षक. हँडल जरासं पुढे केलं आणि ते सगळं धूड निघालं. धक्का नाही, काही नाही. माझ्या हातानं!
"श्वास घ्या," शिक्षक म्हणाला. धरून ठेवलाय हे मला ठाऊकच नव्हतं.

११ जून, बुधवार
रुचिरला कंपनीनं पुण्याला परत बोलावलंय, ऑगस्टपासून. खुशीत होता. "तुला नोटीस किती द्यावी लागेल?"
मी म्हणाले, "तू जा. मी इथेच राहते."
तो हसला. मग माझ्याकडे बघितलं, आणि हसायचा थांबला.