घाम आला की खलास

अहो,

आठवतं, त्या शुक्रवारी ओतासानांच्या घरून परतताना आपण शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो? माझ्या मांडीवर त्यांनी दिलेला सर्दीच्या जपानी पुड्यांचा लाल पत्र्याचा डबा, आणि तुम्ही दर दोन मिनिटांनी शिंकताय. तुमच्या साहेबांच्या बायकोने किती जीव तोडून समजावलं होतं! "फर्स्ट डे ओन्ली. बॉडी कोल्ड, नेक पेन, हॉट वॉटर, ड्रिंक. स्वेट कम, खलास!" जपानी बाईच्या तोंडी ते अरबी 'खलास' ऐकून मला हसू आवरेना.

गाडीत तुम्ही म्हणालात, "म्हणजे घाम आला की डबा खलास करायचा!"

मी पुन्हा हसले. घाम आला की थांबायचं, एवढं साधं वाक्य मला कळलं होतं. तुम्हालाही कळलंच असेल ना?

आज ऑफिसने तुमची बॅग घरी पाठवली, म्हणून लिहायला बसले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी पत्राची सुरुवात 'डिअर अमुक'ने करायला शिकवलं होतं. पण उभ्या संसारात तुम्हाला नावाने हाक मारली नाही, आता कशाला मारू?

पहिल्या वेळी औषधाने खरंच गुण दिला. गरम पाण्यात पुडी ढवळली, दालचिनी आणि आल्याचा वास घरभर पसरला. रात्री दरदरून घाम आला, सकाळी तुम्ही ताजेतवाने! "अगं, हा तर आपला काढाच," म्हणालात. तिथेच घात झाला. औषधाचा काढा झाला, आणि काढ्याला कोण मोजतं?

दोन वर्षांनी, या जानेवारीत फ्लूची साथ आली आणि तुम्हालाही ताप भरला. हमरिया बंदरावरच्या गोडाऊनमध्ये माल उतरायचा होता, आणि तुमच्याशिवाय जहाज बुडणार होतं म्हणे! केतकी फोनवर ओरडली, "बाबा, टेक सिक लीव्ह, प्लीज!" तुम्ही म्हणालात, "इन्शाल्ला, गुरुवारी." तो गुरुवार कुठला हो?

दहा दिवस सकाळ-संध्याकाळ मीच पुडी ढवळून दिली. तुमचे शर्ट घामाने चिंब होत होते. धुवायला तर मीच टाकत होते! प्रत्येक शर्ट मला 'खलास, खलास' सांगत होता. तुमचं डोकं ठणकायचं, छातीत धडधडायचं. मी म्हणायची, ताप आहे, दुसरं काय.

शेवटी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी ब्लड प्रेशर दोनदा मोजलं. विचारलं, प्रेशरच्या गोळीशिवाय आणखी काय घेता? तुम्ही म्हणालात, "नथिंग." मी शेजारी बसले होते. माझ्या तोंडातूनही 'काढा' हा शब्द निघाला नाही. गोळी वाढवून आपण घरी आलो. तिसऱ्या दिवशी तुम्ही गोडाऊनमध्येच कोसळलात. मेंदूत रक्तस्राव.

नंतर मी ती पुडी डॉक्टरांना दाखवली. म्हणाले, यातल्या एका वनस्पतीने प्रेशर वाढू शकतं. यानेच झालं असं सांगता येणार नाही, पण तुम्ही दोघांनी तेव्हाच सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी बंद केलं असतं.

आणि आज तुमची बॅग उघडली. चष्म्याच्या घरामागे रिकाम्या पुड्यांचा गठ्ठा. अहो, दुपारची तिसरी पुडी तुम्ही ऑफिसात घेत होतात? माझ्यापासून लपवून? मघापासून तुमच्या फोटोशी भांडतेय. आणि खरं सांगू? भांडता भांडता जरा हलकं वाटलं, म्हणून स्वतःचाच राग आला. दोन पुड्या तर माझ्याच हातच्या होत्या.

ओतासान भेटायला आल्या, तेव्हा डोळ्यांत पाणी आणून विचारत होत्या, "माय मेडिसिन?" मी "नो, नो" म्हटलं. खोटं नव्हतं. त्यांनी सांगायचं ते सगळं सांगितलं होतं.

माझा व्हिसा तुमच्या व्हिसावर होता, तोही आता खलास. महिनाअखेरीला पुण्याला जातेय. त्याआधी वाटणी ठरवली आहे, ऐका. तुमचं घड्याळ केतकीला. प्रेशर मोजायचं मशीन शेजारच्या रझियाभाभींना. त्यांचे मियाँही तुमच्यासारखेच गोळी विसरतात. लाल डबा ओतासानांना परत. आपल्यात रिकामा डबा देत नाहीत, म्हणून साखर भरून देईन, आणि तो तुमचा 'डबा खलास'चा विनोद त्यांना सांगेन. त्यांना कळायलाच हवं की चूक ऐकणाऱ्यांची होती.

यापुढे कुठल्याही डॉक्टरने विचारलं, आणखी काय घेता, तर तुळशीच्या पानापासून सगळं सांगेन. वचन देते.

बॅगेत सात पुड्या उरल्या आहेत. त्या कुणालाच नाहीत. तुमचा ढवळायचा चमचा मात्र माझा.

तुमचीच,
सुलभा