बंदूक विकणार नाही, दादा

तीर्थस्वरूप दादास,

शरयूचा वाकून नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, पण नमस्कार मनापासून आहे). तुझं ब्लडप्रेशर आणि वहिनीची कंबर आटोक्यात असेल अशी आशा करते. इकडे वेस्ट विंडसरला सगळं ठीक. तुझ्या मेव्हण्याची, प्रल्हादची, पाठ सोडून, पण ते पुढे येईलच.

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज पोचला. यशोधनचे आईवडील सनीव्हेलहून घर बघायला, लग्नाचं पक्कं करायला येताहेत, ते यायच्या आत बंदूक विकून टाक, नाहीतर सईचं, पोटच्या पोरीचं, जमलेलं लग्न मोडशील, असं तू बजावलंस. तर ऐक. विकली नाही. विकणारही नाही. ही काही गुंडाची बंदूक नव्हे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचे नेमबाज वापरायचे ती दुर्बीण बसवलेली ली-एन्फिल्ड आहे, रीतसर परवान्याची, कुलपात ठेवलेली. तू ती बंद पडलेली स्कूटर वर्षानुवर्षं पुसत बसतोस, तेव्हा तुला कोणी लग्न मोडायची भीती घालतं का? मी रिटायर झाल्यावर जो तो सांगत सुटला, भजन कर, भिशी लाव. दोन्ही केलं. पण मैदानावर पालथं पडून, श्वास अर्धा सोडून, सहाशे यार्डांवरच्या पाटीवर नेम धरला ना, की तेवढा वेळ मी कुणाची आई नसते, कुणाची बायको नसते. फार बरं वाटतं रे. या वयात पहिल्यांदा काहीतरी माझं एकटीचं आहे. (वहिनीकडून घाण्याचं जवसाचं तेल मागवते ना, ते गुडघ्यांना नाही, बंदुकीच्या लाकडाला लावते. तिला बोलू नकोस.)

बरं, ती मंडळी आली नेमकी खंडेनवमीला. आता शस्त्रपूजेच्या दिवशी घरातलं एकुलतं एक शस्त्र माळ्यावर लपवायचं? मला नाही जमणार. प्रल्हाद बिचारा दरवर्षी पान्हे आणि लॅपटॉप पूजतो, तेही होतेच, पण मधोमध चौरंगावर बंदूक, आणि तिला एडिसनहून आणलेली झेंडूची माळ. सई नुसती धुमसत होती. "आई, प्लीज, नॉट टुडे!" मी म्हटलं, आजच. सुनेत्राबाई (यशोधनची आई, बारीक चणीच्या, अगदी शांत) आत आल्या, चौरंगापाशी थबकल्या. प्रल्हादनं घाबरून सगळ्यांना दोनदा चहा विचारला. मग बाईंनी कुंकवाचा करंडा मागितला आणि मनोभावे पूजा केली. इतकी मनोभावे, की देवीच्या कपाळाला लावावं तसं ओलं कुंकू थेट दुर्बिणीच्या काचेला, आणि अक्षता जिथे फट दिसेल तिथे.

हे मला कळलं शनिवारी, पेनसिल्व्हेनियातल्या मॅचला. या जुन्या बंदुकांची मॅच जोडीनं खेळायची असते. एकानं गोळी झाडायची, दुसऱ्यानं शेजारी पडून वारा सांगायचा, मग अदलाबदल. माझा जोडीदार प्रल्हाद. त्याला निघताना बंदुकीची पेटी उचलून पाठीत उसण भरली. सुनेत्राबाई म्हणाल्या, मी येते. नाही कसं म्हणणार, मुलाची आई! तिथे सुरुवातीला बंदूक उघडून तपासतात. वॉल्टर म्हणून तिथले म्हातारे प्रमुख आहेत, जुने सैनिक. त्यांनी गोळी भरायचा दांडा मागे ओढला आणि भुरभुर तांदूळ सांडले. मी दुर्बिणीला डोळा लावला तर अख्खं पेनसिल्व्हेनिया लालभडक! मला वाटलं, आता हाकलतात. पण सुनेत्राबाईंनी त्यांना शस्त्रपूजा अशी काही समजावली, की वॉल्टर जाऊन स्वतःची बंदूक घेऊन आले. त्यांच्या मागे रांग लागली, दादा! टोप्या काढून उभे होते सगळे म्हातारे. (बाईंच्या पर्समध्ये कुंकू कायम असतं. या वेळी मात्र फक्त लाकडाला लावू दिलं.) माझी काच पुसून, अक्षतेचा कणन् कण झाडून घेतल्यावरच मला नेम धरायला पालथं पडू दिलं. माझी पाळी बरी गेली. मग त्यांची आली. मी शिकवायला गेले, तर म्हणाल्या, असू दे, कॉलेजात एनसीसीत होते. आणि ओळीनं सगळ्या गोळ्या मधोमध! मी वारा सांगायचीसुद्धा विसरले.

तेव्हा लग्न मोडलं नाही, पक्कं झालं आहे. बंदूक आहे तिथेच आहे. पुन्हा मला असलं काही बजावायचं नाही.

तुझी धाकटी बहीण,
शरयू

ता. क. : बोलणी बसली तेव्हा विहिणीचा मान काय द्यायचा असं मी रीतीप्रमाणे विचारलं. सुनेत्राबाई म्हणाल्या, साडी नको, सोनं नको, बंदूक द्या. मला वाटलं, चेष्टा करताहेत. नाही करत. सई म्हणते, "आई, जस्ट गिव्ह इट टू हर!"

आणखी एक : मी त्यांना तोंडावर नाही म्हणू शकले नाही. म्हणून सांगितलं, की बंदूक माझी नाहीच, दादाची आहे, मी नुसती सांभाळते, आणि त्याचा तिच्यावर भारी जीव आहे. त्यांचा तुला फोन येईल. कृपा करून फोनवर थोडं रड.