पावसाआधीची बाटली

बाई,

परवा अवकाळी पाऊस झाला, क्रांती चौकात गुडघाभर पाणी साचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सून म्हणाली, "बाबा, खाम नदी धुऊन निघाली असंल आता." मी म्हणालो, "नाय गं, आजच ती सगळ्यात घाण. तिच्याच पाण्यात धुतलेला पालक नीट धू." ती हसली, "तुम्ही तर ढग दिसला की पोट धरता!" मी तुमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतला, सातवीपर्यंत शिकलेला शिपाई. पावसानं गल्ल्या आणि गटारं नदीत उतरतात, गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही म्हणून जंतू मरत नाहीत, हे तुम्हीच मला प्रयोगशाळेच्या टेबलाशी उभं करून समजावलं होतं.

तेव्हा तुम्ही बजावायचात, "पाऊस थांबला की लगेच पुलाखालून बाटली भर आणि बर्फात ठेवून आण. मला कोरड्या दिवसाचं पाणी नको." मला पोहता येत नाही. पुराच्या पाण्यात पाय घसरेल ही धास्ती. म्हणून एकदा आभाळ भरून आलं तसा मी पावसाआधीच उतरलो, बाटली भरली, बर्फाच्या डब्यात ठेवली आणि रात्री पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर त्या सकाळची वेळ लिहून तुमच्या हातात दिली. चिखलाचा एक थेंबही नव्हता तिच्यावर. तुम्ही पाहिलं नाही, कारण माझ्यावर विश्वास होता.

जंतू थोडेच निघाले. पुलापाशी 'इथं भाजी धुऊ नका' अशी पाटी लावायची होती, ती तुम्ही थांबवली. आठवड्यात काठावरच्या दोन घरांत हगवण लागली. माणसं वाचली. पण तुम्ही जुन्या बाटल्या पुन्हा तपासल्या, काचसामान स्वतः घासलं आणि म्हणालात, "माझ्याच हातून काहीतरी चुकलंय रे." नंतर एकही अहवाल तुम्ही दुसऱ्याच्या तपासणीशिवाय पुढं पाठवला नाही. मी शेजारी उभा असायचो, बर्फाचा डबा रिकामा करत.

तुम्ही निवृत्त झाल्यावर मी एकदा घरी आलो. चहा दिलात, बिस्किटं पुढं केलीत, आणि सहज विचारल्यासारखं म्हणालात, "त्या दिवशीचं पाणी गढूळ होतं ना रे?" मला वाटतं, तुम्हाला शंका होती, आणि मी खरं बोललो असतो तर तुमचं ओझं उतरलं असतं.

मी "व्हय" म्हणालो.

हे कागदावर उतरवायला इतकी वर्षं लागली. पाकिटात घालून ठेवतो, पत्ता लिहीत नाही. खरं सांगायचं तर बाई, तुम्ही हयात असता तर मी हे लिहिलंच नसतं.