तिसऱ्या रांगेतलं हसू

प्रिय विशू,

चौदा वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. फोनवर हे मला बोलता आलं नसतं. तुझा नवा सिनेमा पाहिला. "बाबा, विशूकाकाचा कॉमेडी पिक्चर आलाय की," म्हणत तेजस्वीनं रविवारी दुपारी टीव्हीवर लावून दिला. लेक आता कॉलेजात आहे. राग मानू नकोस, पण सिनेमा भिकार आहे.

लग्नघरातून नवरदेवाचे कपडे चोरीला जातात, इथवर ठीक. पण तुझ्या नवरदेवाला त्याचं काहीच वाटत नाही. तो आपल्याकडं बघून डोळे मिचकावतो. पेठ वडगावच्या स्पर्धेतली आपली एकांकिका आठव. सासऱ्याला चुकवायला मी माझ्याच घरात गडी बनतो, सासरा जेवता जेवता जावयाला शिव्या घालतो आणि मी मान खाली घालून त्याला वाढत राहतो. मी खरोखर रडकुंडीला यायचो, म्हणून लोक हसायचे. ज्याची फजिती होते त्याला ती खरी वाटली पाहिजे, हे तूच मला शिकवलंस आणि तूच विसरलास.

आणि आपल्याकडं स्नेहल होती. लग्नाआधीपासून ती प्रत्येक प्रयोगाला तिसऱ्या रांगेत बसायची. आधी नाकातून एक फुसका आवाज, मग तोंडावर दाबलेल्या ओढणीतून हसू फुटायचं आणि सगळं सभागृह तिच्यामागून हसायचं. पुढंमागं उपयोगी पडेल म्हणून तू ते रेकॉर्डही करून ठेवलं होतंस. तुझ्या सिनेमात मागून माणसं हसतात, त्यांत मला ती सापडली. तीही भलत्या जागी. नवरदेवाची आई रिकाम्या खोलीत पेटी उघडते, कुणी काही बोलत नाही, आणि माझी बायको हसते. तिला जाऊन अकरा महिने झाले, तुला कळलं असेलच.

जुनं रेकॉर्डिंग असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण ते हसू खोकल्यात संपतं, आणि तो खोकला तिला शेवटच्या वर्षातच लागला. मी दृश्य परत लावलं. खोकल्याच्या मागं, लांबून, तीन टोल पडतात. कळंब्याच्या जेलची घंटा आहे ती. आमच्या घरात दिवसभर ऐकू येते, नाट्यगृहात कधीच आली नाही. तेजस्वीच्या कानाला हेडफोन लावून तिला ऐकवलं. तिनं टीव्ही बंद केला आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. डॉक्टर म्हणाले होते, दम लागेल असं काही नको, हसणंसुद्धा बेतानं. मी त्यातलं 'बेतानं' सोडून दिलं आणि घरात हसणंच बंद केलं. टीव्ही बंद, शेजारच्या बायकांचं येणं बंद. मी, ज्यानं तिला हसवून हसवून लग्नाला तयार केलं होतं. एकदा तापात ती तळ्याच्या काठापर्यंत चालत गेली, तेव्हापासून दूध संघात कामाला जाताना मी बाहेरून कुलूप लावायचो. तेजस्वी तेव्हा कबनूरला माझ्या बहिणीकडं राहायची. किल्ली एकच, ती माझ्या खिशात. संध्याकाळी परतलो की स्नेहल सांगायची, "विशू आलता. लई हसवलं बघ." मी म्हणायचो, "अगं, दाराला कुलूप हाय की." ती माझ्याकडं बघत राहायची, माझीच कीव आल्यासारखी. मी डॉक्टरांना सांगून तिची गोळी बदलून घेतली. त्यानंतर तिनं तुझं नाव काढलं नाही.

ते हसू काढून टाक म्हणून मी लिहीत नाही. दाराला कुलूप असायचं, पण गल्लीकडची खिडकी उघडी असायची. त्या गजांपाशी तू येऊन उभा राहायचास का, एवढंच मला खरं खरं कळव. आला असशील तर तुझे उपकार फिटायचे नाहीत, चोरून का आलास म्हणून विचारणारही नाही. आला नसशील, तर तसं लिही. सोमवारपासून मी रजा टाकलीय. तेजस्वी कॉलेजला गेली, की मी कुलूप लावून बाहेर येतो आणि तीनचे टोल पडले की त्या खिडकीशी उभा राहून गड्याचा तो प्रवेश म्हणतो. तीन दिवस काहीच नाही. काल आतून आधी तो नाकातला आवाज आला, मग हसू, मग खोकला. खोकला ऐकला आणि मी भिऊन गप्प झालो. आतही सगळं गप्प झालं. याही वेळी मीच थांबलो, विशू. ती खोकली तर तू काय करायचास? थांबायचास, की पुढचं वाक्य म्हणायचास? लवकर कळव, तीन रोजच वाजतात.

तुझाच,
आकाराम