वर्षाची जुनी खरेदी आणि सुनेचे घर

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, पुस्तकबांधणी करणाऱ्या कारागिराची विधवा, आज पूर्ण शुद्धीवर आहे. उजव्या कानाने ऐकू येते, डाव्याने नाही; त्याचे कारण पुढे येईल. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण 'म्हातारी भ्रमिष्ट होती' असे म्हणणारा माणूस माझ्याच पोटचा आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आयुष्य दडपणात गेले, पण आत्ता दाराला आतून कडी आहे.

१. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा सज्जा. हे घर माझ्या नावावर आहे. माझ्यामागे ते संपूर्णपणे माझ्या सुनेचे. मुलाचे नाही, अर्धेही नाही. उद्या न्यायालयात कोणी कारण विचारील, म्हणून इथेच सांगते.

संसार आम्ही जुन्या सामानावर उभा केला. पलंग, कपाट, पातेली, सगळे जुन्या बाजारातले. वर्ष संपले की माझे पती 'जुनी खरेदी' अशी वेगळी बेरीज करायचे. सुरुवातीला साडेतीनशे, चारशे. त्यातले निम्मे पुस्तकांचे. मी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. बांधणीला आलेल्या पानांवरून अक्षर लावत वाचायला शिकले आणि मग रद्दीत मिळेल ती कादंबरी सोडली नाही.

मुलगा मोठा झाला तशी बेरीज वाढली. आधी त्याने आरसा फोडला. मग यांच्या पाठीत खुर्ची घातली. एकदा भाजी खारट झाली म्हणून माझ्या कानशिलावर इस्त्री मारली. कान तेव्हा गेला. दर वेळी आम्ही दोघे दुसऱ्या दिवशी जाऊन तशीच जुनी वस्तू शोधून आणायचो, त्याच रंगाची, तितकीच झिजलेली. नवी आणली असती तर येणाऱ्याजाणाऱ्याने विचारले असते. जुन्या सामानाचा दुकानदार मात्र विचारायचा, "काकू, परत खुर्ची? घरात बसता की कुस्ती खेळता?" मी हसायचे. जबडा ठणकत असला तरी हसायचे.

मुलाचे लग्न झाले आणि तो दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेला. त्या वर्षीची बेरीज एकदम खाली आली. यांनी कागद माझ्यापुढे धरला. "बघ, सुधारला गं पोरगा!" त्या आनंदात आम्ही दुकानातून कोरा करकरीत दिवा आणला. पुढच्या वर्षी आकडा आणखी खाली. मग एकदा मी चाळणी घ्यायला गेले, तेव्हा दुकानदार म्हणाला, "तुम्ही येईनाशा झालात काकू, पण सूनबाई तुमच्याच वळणावर गेली हं. कालच कपबशी शोधत होती. म्हणे, फूल अगदी ह्याच रंगाचं हवं."

चाळणी तिथेच ठेवून मी घरी आले. खर्च थांबला नव्हता. तो तिच्याकडे गेला होता.

२. माझे पती त्याच संध्याकाळी तिला आणायला गेले. मुलाने जिन्यात त्यांच्या छातीवर लाथ घातली. डोके पायरीवर फुटले. सून वरून पाहत होती. रुग्णालयात यांनी सांगितले, "तोल गेला माझा." मला जवळ बोलावून म्हणाले, "त्याला आत टाकू नकोस. पण तिला घरी आण." पहाटे ते गेले. मी त्यांचे दोन्ही ऐकले. पहिले ऐकायला नको होते. त्यांची उशी मी अजून रोज झटकून जागेवर ठेवते.

३. बांधणीची पाने दाबून धरणारा लोखंडी शिकंजा, दाभणे आणि कात्री दुकानदाराने ठेवून घ्यावीत. शोभेसाठी मागणाऱ्याला विकू नयेत. हात चालवणारा कोणी आला तर फुकट द्यावीत.

४. बँकेतली ठेव सुनेची. तिने आधी लोखंडी दार आणि चांगले कुलूप बसवावे. इथे स्वस्त, जुने शोधत हिंडू नये. उरेल त्यात मनगटाचे उपचार पुरे करावेत. मागच्या महिन्यात मुलाने कोयंडा उखडला, आत शिरला आणि तिचा हात दारात धरून दार आपटले. हाड मोडल्याचा आवाज माझ्या चालत्या कानाने ऐकला. जाताना म्हणाला, "घर कर माझ्या नावावर, म्हातारे. नाहीतर बाबांसारखीच तुम्हा दोघींना खाली घालतो." सून आता दुसरीकडे आहे. कुठे, ते या कागदात नाही.

५. माझ्या दिराला काही देऊ नये. "एकुलता एक आहे वहिनी, चालायचंच," असे तो बर्फाने माझा गाल शेकताना म्हणाला होता. अंत्यविधीला आला तर येऊ द्यावे. चहा विचारू नये.

६. पुस्तके शेजारच्या शिंपीणबाईंना. त्या शेवटचे पान आधी वाचतात, ही सवय त्यांनी सोडावी.

७. मुलाला मी काही ठेवत नाही. त्याचा द्वेष करता आला असता तर बरे झाले असते. तापात तो माझ्याच मांडीवर निजायचा, तेच पोर मला अजून आठवते.

८. माझ्यामागे त्याला हे कळले तर त्याचा राग सुनेवर निघेल. म्हणून येत्या रविवारी सकाळी त्याला बोलावून, दार सताड उघडे ठेवून, मी हे स्वतः वाचून दाखवणार आहे. दोन्ही साक्षीदारांनी तेव्हा हजर राहावे. दुकानदार म्हणतात, "काकू, मी त्याला धरून ठेवतो." धरू नये. त्याने हात उचलला तर नीट पाहावे, आणि मग आपण तिघांनी तडक पोलीस चौकीत जावे. तक्रार मी माझ्या अक्षरात लिहीन. मला चालता आले नाही, तर तुम्ही दोघांनी जावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला, आणि तो मला मान्य आहे.

सही : घराची मालकीण

साक्षीदार :
१. जुन्या सामानाचे दुकानदार (सही)
२. शेजारच्या शिंपीणबाई (सही)

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक : १४ मार्च २०१७, मंगळवार