तळ्याकाठची खोली

तीर्थरूप बाबांना, धाकटीचा वाकून नमस्कार.

इथली थंडी ओसरायला लागली आहे. माझा खोकलाही जवळजवळ गेला, काळजी नको.

काल दवाखान्याच्या धुलाईघरातून बाहेर पडले, तर फाटकापाशी झाडाला कोंब फुटलेले. थंडी सरली की तुम्ही आम्हाला तळ्यावर न्यायचात, ते आठवलं. आई डबा भरताना म्हणायची, "पाखरं बघून पोट भरतं का?" पण सगळ्यांत आधी चपला घालून तीच दारात उभी असायची.

ती गेल्यापासून तुम्ही तिकडे फिरकला नाहीत, असं दादा म्हणत होता. जेवता तरी ना वेळेवर?

मी आठ दिवसांची रजा मागितली. मुकादमबाई म्हणाल्या, "घरात लग्न आहे का?" म्हटलं, "नाही, बाबांबरोबर पाखरं बघायची आहेत." त्यांनी हसून सही केली. तळ्याकाठच्या विश्रामगृहात आपल्या दोघांसाठी खोली घेतली आहे. गुडघ्यांचं कारण सांगू नका, व्हरांड्यातूनच पाणी दिसतं.

खरं सांगू? मला एकाही पाखराचं नाव आठवत नाही. तुम्ही नावं सांगायचात, तेव्हा मी आपली आईच्या मांडीवर पेंगत असायचे. आता पहिल्यापासून सांगाल ना?

उत्तराची वाट बघणारी,
तुमची धाकटी